शनिवारी उतरलो असतो तर

उजू,

परवा तुझ्या अंगणात बायका माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि डोळ्यांत टिपूस नाही. तुझ्या भावाच्या, प्रसादच्या बायकोनं मला आत नेलं, खुर्चीवर, आपल्या कदेलीवर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. "निमूताय, रड गो थोडी," ती म्हणाली, "आत धरून ठेवू नको." मी मान हलवली. तिला काय सांगणार होते? मी रडत नव्हते, कारण मनात तुझ्याशी भांडत होते. तेच आपलं भांडण, शनिवारचं. प्रसाद बाहेर बांबू बांधून घेत होता आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुला पटवून देत होते, की बर्फानं वाटेच्या खुणा बुजल्या होत्या, तुझा पाय टम्म सुजला होता, आणि मी दारात उभी राहिले नसते तर आपण दोघी त्या उतारावरच राहिलो असतो. गाडी इथवर आली की तू ठरलेलं एकच वाक्य म्हणायचीस: "राहिलो नसतो." परवा तू काही म्हणाली नाहीस. तू गेलीस हे मला तेव्हा कळलं. तुझ्या चेहऱ्याकडे बघून कळलं नव्हतं.

म्हणून लिहिते आहे. भांडणातलं समोरचं माणूस उठून गेलं, की आपण त्या भांडणात अडकून पडतो. हरायलाही कोणी उरत नाही.

आपली दोघींची गावं एकमेकींपासून किती लांब? एक डोंगर, दोन ओहोळ आणि मधे डिचोलीची हद्द. पण भेट व्हायला इन्सब्रुकला जावं लागलं. वसतिगृहाच्या मोरीत नळाखाली हात धरून कोणीतरी पुटपुटलं, "आगे मायगे, कितें थंड हें!" मी दात घासत होते, ब्रश तोंडात तसाच राहिला. तू वळून बघितलंस आणि माझा चेहरा बघूनच ओळखलंस. "कोण गो तू? गोंयची?"

"इब्रामपूरची."

"हांव कारापूरची." आणि मग ओले हात माझ्या खांद्यावर ठेवून इतकी हसलीस, की शेजारच्या नळावरची जर्मन मुलगी बाजूला सरकली.

माझं बोलणं ऐकून तू पहिले काही दिवस चेष्टाच केलीस. ही कोकणी की मालवणी की मराठी, तुला कळेना. मी सांगितलं, आमच्या परसातून दिसणारी समोरची झाडं महाराष्ट्रातली, वारा येतो तो काही विचारून येत नाही. आपण दोघीही भूगर्भशास्त्र शिकायला आलेल्या. मी पाण्यासाठी, कारण माझ्या वडिलांनी आयुष्यभर शाळा शिकवता शिकवता गावातल्या विहिरींचीच चिंता केली. तू खनिजासाठी. तुझ्या घरी दुसरं कसलं बोलणंच नव्हतं. तुझे बाबा खाणीवरून बंदरापर्यंत माल वाहणाऱ्या ट्रकवर होते, स्वतःचा ट्रक. तू सांगायचीस, लहानपणी बाबांचा शर्ट धुताना बादलीतलं पाणी तांबडं व्हायचं आणि तुला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांचे शर्ट तसे असतात.

आणि तो शुक्रवार. सकाळी कळलं की प्रात्यक्षिक घेणारे सर आजारी आहेत, वर्ग नाही. मी खूश होऊन पुन्हा पांघरुणात शिरले. तू माझं पांघरूण ओढलंस.

"उठ. डोंगरावर जाऊया."

"कुठल्या?"

"हे समोर आसात ते काय मग? जनेल उघड आणि बोट दाखव."

मी खिडकी उघडली नाही, बोटही दाखवलं नाही, पण तासाभरात आपण बसमध्ये होतो. तुझ्या पायात कॅनव्हासचे बूट, अंगात बाजारातून घेतलेलं कोणाचंतरी जुनं स्वेटर, आणि हातात माझी म्हापशाहून आणलेली लांब दांड्याची काळी छत्री. पिशवीत पाव, चीज, दोन कांदे, आणि माझ्या आईनं पाठवलेल्या कोकमाच्या सोलांची पुरचुंडी, ती का घेतली ते तुलाच माहीत. कोणाला सांगून निघावं हे दोघींनाही सुचलं नाही. रात्र डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीत काढून उद्या संध्याकाळी परत यायचं, त्यात सांगायचं काय? तू ठरवायचीस आधी आणि विचार करायचीस नंतर. मी उलटी. पण त्या दिवशी तुझ्या पायांना इतकी घाई होती, की माझा विचार मागेच राहिला.

किती सुंदर होतं गो सगळं. हे तुझ्याशी भांडताना कधी बोललेच नाही. पानं पिवळी झालेली, गुरं खालच्या गावात नेलेली, म्हणून कुरणं अगदी रिकामी. दगडांवर रंगाचे पट्टे ओढलेले, त्यांच्यामागून चालायचं. तू पुढे, छत्री बगलेत, आणि दर वळणावर थांबून मला ओरडून सांगायचीस हा दगड कुठला, हा थर कसा वळलाय. वरच्या झोपडीजवळ पोचता पोचता ओल्या मुळावरून तुझा पाय घसरला. तू बसकण मारलीस, आणि वेदनेनं पांढरी पडलीस तरी हसलीस. "निमू, डोंगर चावलो."

झोपडी बंद होती. हंगाम संपला होता, मालक खाली गेला होता. पण बाजूची एक खोली अडल्या-नडल्यासाठी उघडी ठेवतात तशी उघडी होती. चार फळ्यांची खाट, घोंगड्या, लोखंडी चूल, लाकडं, आणि हातभर जनेल. आपण आत शिरलो, चूल पेटवली, तुझा पाय माझ्या स्कार्फनं आवळून बांधला. सकाळी उतरू, असं म्हणून झोपलो.

सकाळी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. कुरण नाही, झाडं नाहीत, दगड नाहीत. नुसतं पांढरं, आणि वरून आणखी पांढरं पडतंय. मी दार लावलं आणि मला श्वास घेता येईना. तुला आठवतं? मी तोवर कधी कोणाला सांगितलं नव्हतं, की बंद खोलीची मला भीती वाटते. लहानपणी एकदा तांदळाच्या कोठीत अडकले होते, तेव्हापासूनची. मी त्या खोलीत फेऱ्या मारू लागले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा या भिंतीपर्यंत. छप्पर खाली येतंय असं वाटत होतं.  लंगडत उठलीस, स्टूल जनेलाखाली ओढलंस, स्वेटरच्या बाहीनं काचेवरचा बर्फ पुसलास आणि मला तिथं बसवलंस.

"बघ बाहेर. काय दिसतं?"

"काही नाही."

"मग काही नाही ते बघ. हळू श्वास घे."

काच पुन्हा पुन्हा धुरकट व्हायची, तू पुन्हा पुन्हा पुसायचीस. पाय दुखत असताना, उभी राहून. त्या पुसण्यासाठी मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. उजू, तू नसतीस तर मी त्या सकाळी दार उघडून वेड्यासारखी धावत सुटले असते.

मला बोलण्यात गुंतवायला तू तुझ्या बाबांचं सांगितलंस. विमानासाठी मुंबईला निघायचं होतं, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी ट्रक घासूनपुसून धुतला आणि म्हापशाच्या बसस्टँडवर तुला ट्रकमधून सोडायला आले. मधे तुझी आई, तिच्या मांडीवर प्रसाद. बस सुटताना ते खिडकीखाली येऊन म्हणाले, "थंय दोंगर आसतले मगो? एक तरी चड. हांगाचे आमी ट्रकांत भरून धाडले." तिकडचा एक तरी डोंगर चढ, इथले आम्हीच संपवले, असं हसत म्हणाले म्हणे, पण तू मला सांगताना हसली नाहीस. आदल्या दिवशी अंथरुणातून उठताच तुला ते आठवलं होतं. म्हणून ती घाई.

आणि मग दुपारी उजेड पडला.

अचानकच. बर्फ थांबला, धुकं वर सरकलं, आणि खालचं खोरं, त्यातलं चर्चचं टोक, बसचा रस्ता, सगळं लख्ख दिसायला लागलं. हाताच्या अंतरावर. तू घोंगडी फेकून उभी राहिलीस, छत्री घेतलीस.

"चल. आता निघालो तर काळोखापूर्वी खाली."

मी बाहेर जाऊन बघून आले. गुडघ्यापर्यंत बर्फ. दगडांवरचे रंगाचे पट्टे कुठेच नव्हते. वर आभाळाची एक कड निळी आणि तिच्या मागं काळं भरून आलेलं. "नाका गो," मी म्हटलं, "वाट दिसत नाही."

"उतार दिसतो ना? उताराला लागायचं."

"तुझा पाय बघ."

"पाय माझा आसा."

"आणि पडलीस तर उचलायचं कोणी?"

"तू हांगा बस. हांव वता."

तू दाराकडे आलीस आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ज्या दाराची मला सकाळी भीती वाटली होती, त्यालाच. तू मला हात धरून ओढलंस. मी हलले नाही. "निमू, तू मला कोंडून घालतेस," तू म्हणालीस. तुझा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. "कोंडते," मी म्हटलं, "खाली जाऊन हवं तर आयुष्यभर बोलू नको." मग तू शिव्या दिल्यास, पहिल्यांदा कोकणीत, मग कळू नयेत म्हणून जर्मनमध्ये. मी तशीच उभी. आपलं बोलणं संपायच्या आत बाहेर पुन्हा वारा सुटला आणि जनेल पांढरं झालं. किती वेळ टिकला असेल तो उजेड? तू म्हणायचीस, पुष्कळ. मी म्हणायचे, चूल फुंकायला लागतो तेवढा. यावर आपलं कधी एकमत झालं नाही.

संध्याकाळपर्यंत तू चुलीकडे तोंड करून बसलीस. मग भांड्यात बर्फ वितळवून त्यात सोलं घातलीस, मिठाऐवजी चीजचा चुरा टाकलास आणि तो घाण काढा माझ्यापुढे ठेवलास. आपण दोघींनी नाक मुरडत तो प्यायला आणि हसू फुटलं. रविवार असाच, अंधारलेला आणि बंद. खाणं संपत आलं होतं. मी जनेलाशी आणि तू चुलीशी. तरी तू गाणी म्हणालीस, गावच्या देवळातली, फुगडीची. मला वाटलं, ही इथं सुखात आहे. मीच अडकले आहे.

सोमवारी ऊन पडलं, खरं ऊन, आणि बर्फ पाणी होऊन वाहू लागला. आपण उतरलो. तू छत्री टेकत, मधेच बसून घसरत, मी पुढे तुझा तोल धरत. वाटेत दोनदा मी बर्फात कमरेपर्यंत खचले आणि मी तुला म्हटलं, "बघितलंस? शनिवारी काय झालं असतं?" तू म्हणालीस, "तू खचलीस. हांव खचूंक ना." तेव्हा ती चेष्टा होती. आणखी काही तास ती चेष्टाच राहिली.

वसतिगृहात शिरलो तर देखरेखीच्या बाई धावत आल्या. तुझ्या घरून फोन आला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शनिवारी, रविवारी. कुठे गेलात, कोणालाच माहीत नव्हतं.

तू कारापूरच्या दुकानात फोन लावलास. दुकानदारानं तुझ्या काकांना बोलावून आणलं. काकांना वाटत असावं की एवढ्या लांब ऐकू जायचं तर ओरडायला हवं, म्हणून त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. "खंय आशिल्लें गो तूं? बाबा गेलो गो." शुक्रवारी संध्याकाळी खेप संपवून येताना त्यांच्या छातीत कळ आली होती. त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला नीट लावला, चावी काढली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शनिवारचा अख्खा दिवस तुझ्या आईनं कोणाला हात लावू दिला नाही. उजूचा आवाज येऊदे, ती येते म्हणते की नाही ते कळूदे, मग काय ते करा. बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी गावातल्या लोकांनी तिला समजावलं. प्रसादनं, त्या एवढ्याशा पोरानं, अग्नी दिला.

तू फोन ठेवलास. माझ्याकडे बघितलंस.  "शनिवारी उजवाड पडिल्लो," एवढंच म्हणालीस.

ते वाक्य मी तीस वर्षं घेऊन फिरते आहे. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की मला अजूनही वाटतं, मी बरोबर होते. मी चुकले असते तर तुझे पाय धरले असते, माफी मागितली असती, मोकळी झाले असते. बरोबर असलेल्या माणसाला सुटायला वाटच नसते गो.

तू त्याच आठवड्यात गेलीस. बाराव्यासाठी म्हणून गेलीस, महिन्याभरात येते म्हणालीस, खाटेवर पुस्तक उघडं ठेवून गेलीस. तुझी पेटी शेवटी मीच बांधून आणली. तोपर्यंत तू खाणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली होतीस. माल तपासायचा, किती लोखंड ते सांगायचं. आईला झटके यायला लागले होते, प्रसादची शाळा होती. "हा लहान आसा तोवर," तू म्हणालीस. तो मोठा झाला. मग "आई आसा तोवर."

मी पणजीत पाणीखात्यात लागले, लग्न करून म्हापशाला आले. आपला शुक्रवार ठरला. बाजाराला तू कारापूरहून यायचीस, मी घरून, आणि भाजी, मिरच्या, शिंपल्यांतले खुबे असं काहीबाही घेऊन हॉटेलात पातळ भाजी-पाव खात बसायचो. आणि कुठल्याही बोलण्यातून आपण त्या झोपडीच्या दाराशी पोचायचो. माझ्या मुलीच्या बारशात पोचलो. प्रसादच्या लग्नाच्या पंगतीत पोचलो, वाढणाऱ्यांना थांबवून तू मिठाच्या ढिगावर मला उतार काढून दाखवलास. "हांगा झोपडी. हांगा झाडां. इथून इथं, किती तें?" माझा नवरा म्हणायचा, या दोघींना त्या डोंगरानं खाली सोडलंच नाही.

मी तुझ्या घरी यायचे तेव्हा मात्र मला ती सकाळ आठवायची. रस्त्यावरून ट्रकांची रांग, एकामागून एक, आणि सगळी जनेलं बंद. उघडली तर धूळ. अबोलीची पानं तांबडी, तुळस तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे. त्या बंद घरात तू आईला भरवायचीस, कामावर जायचीस, यायचीस. मला तिथं फार वेळ बसवत नसे. तुला ते कळायचं. तू अंगणात कदेल नेऊन ठेवायचीस, धुळीत का होईना.

एकदाच मी तुझ्यावर चिडले. तुझी आई गेली त्या वर्षी. मी म्हटलं, "आता जा. शिक्षण पुरं कर, किंवा नुसती फिरून ये. आता तुला कोण अडवतं?"

तू पाव मोडत होतीस. मोडत राहिलीस. "निमू, खरं सांगू? आता हा शुक्रवारचा बाजार सोडला, तर मला शेजारच्या सांखळीला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून धडधडतं. घर कोण बघणार, गॅस बंद केला काय, दार लावलं काय. पूर्वी असं नव्हतं गो. कधी झालं ते कळलंच नाही."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा घेशील?" तू म्हणालीस, "घेते."

पुढं खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले, तू घरी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागलीस. जनेलं उघडली. आणि थोड्याच वर्षांत तुला चढ चढताना धाप लागू लागली, मग सपाटीला, मग बसल्या जागी. फुप्फुसं आकसतात, डॉक्टर म्हणाले, कशानं ते सांगता येत नाही. नाकाला नळी आली, कोपऱ्यात घरघरणारं यंत्र आलं. नळी पुरेल तेवढंच तुझं जग. खाट, मोरीचं दार, आणि पडवीतल्या कदेलीच्या अलीकडे एक हात. कदेल आत ओढून घ्यायला प्रसाद तयार होता, तू घेऊ दिली नाहीस. तिथवर पोचायचं होतं तुला.

शेवटचं आले तेव्हा तू बसूनच झोपत होतीस, कारण आडवं होता येत नव्हतं. दोन शब्द बोलायचीस आणि श्वासासाठी थांबायचीस. मी ठरवून आले होते. आज विचारायचंच. उजू, तू मला दोष देतेस का? भांडणातलं नको, खरं सांग. पण समोर बसले आणि तुझी छाती वर-खाली होताना बघून फेऱ्याच मारू लागले, तीच खोली, तेच छप्पर. तुला ते दिसलं. त्या अवस्थेत दिसलं. तू बोटानं पडवीकडे दाखवलंस. म्हणजे बाहेर जाऊन बस, वारा घे.

"मी बरी आहे," मी म्हटलं.

"मग झोपडीचं सांग," तू म्हणालीस.

मी सांगितलं. चूल, घोंगड्या, सोलांचा काढा. मधे मधे तू बोट हलवून चुका काढत होतीस. खाट उजवीकडे नव्हती, डावीकडे होती. मी दारापाशी आले आणि थांबले. पुढं नेहमीचं भांडण होतं, आणि तुझ्याकडे तेवढा श्वास नव्हता.

तू डोळे मिटूनच विचारलंस, "तें दार... लोखंडाचें आशिल्लें?"

"लाकडाचं. आतून पत्रा मारलेला."

"बर्फ बाहेर." मग बराच वेळ श्वास. "तुझी पाठ... थंड पडली असतली गो."

तीस वर्षांत हे कधी निघालं नव्हतं.  मी तुझे पाय चेपत बसले. तुला डुलकी लागली, शिकवणीची दोन मुलं बघायला आली आणि दारातूनच परत गेली, प्रसादची बायको चहा घेऊन आली. मग बसची वेळ झाली. मी "येते" म्हटलं, तू मान हलवलीस. पाठ थंड पडल्याचं ते बोलणं म्हणजे माफीचा शब्द होता का, की नुसती माझ्या पाठीची चौकशी? मला ठरवता येत नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी माझ्या वाट्याला जरा जास्तच आलं.

परवा प्रसाद मला अंगणात म्हणाला, लोक घाई करत होते, पण त्यानं तुला हलवू दिलं नाही. "निमूताय वाटेत आसा. ती पोचल्याबगर नाही." मी पणजीहून निघाले होते, पर्वरीला वाहनं तुंबली होती, मी गाडीत बसून स्वतःचे हात चावत होते. पण पोचले. तुझ्याजवळ बसले, तुझ्या केसांना तेल लावलं, कुंकू नाही लावायचं का असं कोणीतरी विचारलं तेव्हा मीच लावलं. पोचण्यातलं हे समाधान तुला मिळालं नव्हतं, ते मला मिळालं. 

आज शुक्रवार. घरच्यांनी सांगितलं नको जाऊ, पण पाय आपोआप बाजाराकडे वळले. कांदे घेतले, तुला लागतात त्या लांबड्या मिरच्या घेतल्या आणि मग कोणासाठी ते आठवून तशीच उभी राहिले. आपली मोरजेची खुबेवाली वाटे लावून बसली होती. तिनं मला बघितलं, माझ्या मागं तुला शोधलं. "तुझी इश्टीण खंय गो? किते दिस जाले, दिसूंक ना. बरी आसा मगो?"

मी तोंड उघडलं. भर बाजारात, लोकांचे धक्के खात, मला ते वाक्य बोलता येईना. "आज आली नाही," मी म्हटलं.

तिनं दोन वाटे माझ्या पिशवीत ओतले, नेहमीसारखे. वर मूठभर जास्त. आणि म्हणाली, तिला सांग, आजचे बारीक आसात, फुडल्या शुक्रारा व्हडले हाडटां, तिच्यासाठी वेगळे दवरतां.

सांगते, असं मी कबूल करून आले आहे. म्हणून उजू, ऐक. पुढच्या शुक्रवारी मोठे खुबे येणार आहेत. ती तुझ्यासाठी वेगळे ठेवणार आहे.